रिकाम्या चौकटीतलं शून्य

ती एक ओळ मीच लिहिली होती. आकडा आला नसेल तर तिथे शून्य धर, एवढंच तिच्यात होतं.

मी अमेरिकेत, फ्रिस्कोत घरूनच काम करतो. पश्चिम आफ्रिकेतल्या एका प्रदेशातली आरोग्य केंद्रं दर आठवड्याला फोनवरून कळवतात, मेनिंजायटिसचे संशयित रुग्ण किती. आमचं सॉफ्टवेअर ते आकडे नकाशावर मांडतं. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा हा आजार तिकडे कोरड्या, धुळीच्या महिन्यांत भराभर पसरतो. आकडा मर्यादेवर गेला की त्या केंद्राचा चौकोन लाल होतो आणि तिकडे लस निघते. ज्यांच्याकडून काहीच येत नाही, त्यांचा चौकोन राखाडी राहायचा. डेमोच्या आदल्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "यार, नकाशाला कसर लागल्यासारखं दिसतंय. काहीतरी कर." मी ती ओळ टाकली. राखाडी चौकोन हिरवे झाले. डेमोनंतर काढायची होती. राहून गेली.

त्या फेब्रुवारीत एक चौकोन चार आठवडे हिरवा होता. खरं तर तिथला मोबाइल टॉवर बंद पडला होता, आणि तापानं फणफणलेली, मान ताठ झालेली मुलं एकटी नर्स सांभाळत होती. शेजारच्या इस्पितळात तिथली मुलं यायला लागली तेव्हा कळलं. लस पोचली, पण उशिरा. किती मुलं गेली ते मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही.

मे महिन्यात चौकशीची व्हिडिओ मीटिंग झाली. तिकडच्या साथरोग विभागाच्या डॉक्टरबाई, माझ्याच वयाच्या, माझाच तक्ता उघडून म्हणाल्या, "नर्सनं सलग चार आठवडे शून्य कळवलंय. ती म्हणते, मी काही कळवलंच नाही. मग हे आकडे काय आकाशातून पडले?"

दोघं-तिघं हसले. मी म्यूटवर होतो.

ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभा आहे, नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, हे सगळं खरं. पण त्या क्षणी यातलं काहीही मनात नव्हतं. नुसती लाज वाटली, आणि मी बाटली उचलून पाणी प्यायलो. संध्याकाळी गुपचूप ती ओळ पुसली. तिकडे खोटी माहिती दिल्याच्या ठपक्यावरून नर्सला कामावरून काढायचं घाटत होतं.

जूनभर मला एका जागी बसवेना. बायको नागपूरची, गप्प बसणारी नव्हे. "बाप्पा, घरात तू फिरतोयस की रोबोट व्हॅक्यूम, तेच कळत नाही. झालंय काय?"

"काही नाही."

जुलैत मुलीला मेनिंजायटिसची लस द्यायला नेलं. इथे शाळेत सातवीला ती लागतेच. क्लिनिकमधल्या नर्सनं फॉर्म परत माझ्यासमोर सरकवला. "दोन चौकटी रिकाम्या ठेवल्यात."

"ॲलर्जी नाहीये तिला कसली."

"मग 'नाही' लिहा ना. रिकाम्यावरून मी काय समजू? ॲलर्जी नाही, की तुम्ही प्रश्नच वाचला नाही?"

पेन चौकटीवर टेकवून मी तसाच बसलो.

"डॅड, व्हाय आर यू स्केअर्ड?," मुलगी म्हणाली. "शॉट मला आहे."

लस झाली. मुलीला एसी लावून गाडीत बसवलं आणि पार्किंगच्या रणरणत्या उन्हात उभं राहून डॉक्टरबाईंना फोन लावला.

"ते शून्य तिनं पाठवलेलं नव्हतं," मी म्हणालो. "मी भरलं होतं. मीटिंगमध्ये मला ते माहीत होतं."

त्या म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा पाणी पीत होतात."

"हो."

"परवा तिची सुनावणी आहे. आत्ता लिहून पाठवा. 'सिस्टिममध्ये चूक झाली' असलं काही नको. 'मी' लिहा."

गाडीत बसून फोनवरच लिहिलं, मॅनेजरलाही कॉपी टाकली. "कॅन वी गो नाऊ?" मुलीनं दोनदा विचारलं.

नर्सला काढलं नाही. माझ्याकडून प्रोजेक्ट काढून घेतलं. नोकरी आज आहे, उद्याचं ठाऊक नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरबाईंनी नर्सचा निरोप पाठवला. तिला माफीबिफी नको होती. एवढंच विचारलं होतं: चार आठवडे माझ्याकडून काही आलं नाही, तर माझी चौकशी करायला कुणालाच का पाठवलं नाहीत?

उत्तर तीनदा लिहून खोडलं. पहिल्यात टॉवर होता, दुसऱ्यात मॅनेजर, तिसऱ्यात ग्रीन कार्ड. शेवटी पाठवलं ते इतकंच: नकाशा हिरवा दिसत होता. तो हिरवा मीच केला होता, तरी बघून मला बरं वाटत होतं.