विहिरीवर बोलल्याचा दंड

मे महिन्यातला रविवार. दुरुस्तीची रक्कम नऊ हजार दोनशे. हजर तिघे: मी, पंपाची मोटर बघायला आलेला मिस्त्री आणि विहिरीच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून उभे असलेले शेजारचे चाचा.

नागावच्या बाजूला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. तिला लागूनच चाचांची. विहीर बरोबर हद्दीवर, अर्धा कठडा त्यांच्यात, अर्धा आमच्यात. पंप एकच. सकाळची पाळी त्यांची, दुपारनंतरची आमची. खर्च वडिलांच्या वेळेपासून निम्मा-निम्मा.

त्या एप्रिलात मशिदीसमोरून मिरवणूक वाजत न्यायची की नाही, यावरून गावात भांडण झालं. दगड पडले. काही दिवस पोलीस बसले. मग देवळात बैठक झाली. त्यांच्याशी बोलायचं नाही, देणंघेणं नाही. मोडेल त्याला पाचशे एक रुपये दंड. त्यांच्याकडेही तसंच काही ठरल्याचं कानावर आलं. बैठकीत सगळ्यांचे हात वर गेले, माझाही. राग आला नव्हता. वाईटही वाटलं नव्हतं. घरी येऊन जेवलो.

आणि मोटर जळाली. आदल्या पावसाळ्यात लावलेली सुपारीची एकशेवीस रोपं होती. जमीन पुळणीची, पाणी धरत नाही. रविवारीच शेंडे पिवळे पडायला लागले होते. बायको बघून आली आणि म्हणाली, "बुधवारपर्यंत तगतील. मग उपटून चुलीत घाला."

मी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं, "सगळे पैसे मी देतो. तिकडे अर्धे मागू नकोस."

बुधवारी सकाळी तो मोटरीत नवी तार भरून घेऊन आला.

"काका, चाचांनीपण मला हेच सांगितलं. म्हणजे माझे झाले अठरा हजार चारशे. एका विहिरीवर दोन मोटरी बसवू काय? पाणी तर कमरेएवढं हाय."

मी विहिरीत डोकावून पाणी बघितलं.

"बरं, मग दोर तरी धरा. दोघांनी."

मोटर विहिरीच्या आतल्या ओट्यावर बसते. एकाच बाजूने सोडली तर भिंतीवर आपटते, म्हणून दोन्ही कठड्यांवरून दोर लागतात. चाचा लुंगी वर खोचून आले. त्यांनी एक दोर घेतला, मी दुसरा. मिस्त्री आत उतरला. आमच्या मधे मोटर लोंबत होती.

"सावकाश," चाचा म्हणाले.

"हं," मी म्हटलं.

दहाच्या सुमाराला पाणी आलं. पाळी त्यांची होती. मी घराकडे वळलो.

"पाट तुमच्याकडं घ्या, भाऊ," चाचा मागून म्हणाले. "आमची झाडं जुनी हायत. कळ काढतील."

"पाळी तुमची आहे."

"ती मला ठाऊक हाय."

मी पाट फोडून पाणी घेतलं. सतरा रोपं मेली, बाकीची जगली.

संध्याकाळी देवळाच्या कमिटीतले दोघे आले. पडवीत बसून चहा घेतला.

"दोर धरलास म्हणे."

"धरला."

"बोललास?"

"हं म्हटलं."

"हं म्हणजे बोलणंच ते."

"विहीर अर्धी माझी आहे."

"पण पाळी त्यांची होती ना? पाणी घेतलंस. म्हणजे देणंघेणंही झालं. दोन दंड होतात खरं तर. एकच घेतो."

मी बरं म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवले आणि यंदा आंबा कमी आहे, यावर थोडा वेळ बोलले.

मिस्त्रीला नऊ हजार दोनशे पोचले. चार हजार सहाशे माझे, तेवढेच चाचांचे. पाचशे एक मी दुसऱ्या दिवशी देवळात भरले आणि पावती मागितली. दंडाची पावती फाडता येत नाही म्हणाले, देणगीची दिली. चाचांनी त्यांच्या जमातीत हजार भरले. हे मला त्यांनीच सांगितलं, कठड्याशी उभं राहून, पाळी बदलताना.