डोंगराची शेपटी

शकूताईंना काही विचारलं की त्या लगेच बोलायच्या नाहीत. तुमच्याकडे बघायच्या, एक श्वास जाऊ द्यायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. भाजीवालीनं "मेथी देऊ का?" म्हणलं तरी तेच. तोवर भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलेली असायची. जालन्यात आमच्या लेकीच्या शेजारीच त्यांचं घर. मी पहिल्यांदा "राम राम ताई" म्हणलो तेव्हाही त्या नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, बाई भलतीच घमेंडी आहे. पाठ फिरवली तसा मागून आवाज आला, "राम राम भाऊ. बटण दाबल्या दाबल्या बोललं की पहिला शब्द कापला जातो. सवय लागलीय मला."

कसलं बटण, काही कळलं नाही. मी विचारलंही नाही. न कळलेलं लगेच विचारायची मला सवय नाही.

मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं राहायला आल्तो. शकूताई टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, घरात एकट्या. त्यांच्या गच्चीवर एक उंच लोखंडी पाइप होता, वर अँटेना. वादळानं तो कलला. वाकडा खांब माझ्यानं बघवत नाही, म्हणून कुणी न सांगता चढलो आणि सरळ करून तारेनं आवळला. आवळतोय तोवर गच्चीवरच्या खोलीतून एक पुरुषाचा आवाज आला. आत बघतो तर ताई एकट्याच, पुढ्यात एक पेटी.

"कोण बोलून राह्यलं?"

"गोंदियाचे एक मास्तर. त्यांच्याकडे पाऊस पडतोय."

मी पेटीच्या मागं वाकून बघितलं. "तार कुठून गेली गोंदियाला?"

एक श्वास गेला. "तार नाही भाऊ. मध्ये नुसतं आभाळ आहे."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. जन्मभर आभाळाकडं बघून पेरण्या केल्या, पण त्यातून माणसाचं बोलणं जातं हे मला त्या दिवशी कळलं. तिथल्या तिथं ठरवलं, हे मलाही आलंच पाहिजे. ह्याला हॅम रेडिओ म्हणतात आणि त्याला सरकारची परीक्षा असते. माझं शिक्षण चौथी. लेक म्हणाली, "बाबा, लोक हसतील." हसू देत. शकूताई धडे मराठीत समजावून सांगायच्या आणि परीक्षेतले इंग्रजी शब्द मी गुरांच्या अंगावरचे डाग ओळखावेत तसे नुसते बघून ओळखायला शिकलो. दोनदा आपटलो, मग पास झालो. लायसन आलं त्या दिवशी ताईंनी मला पहिल्यांदा "रंगनाथराव" म्हणलं.

हातातला छोटा सेट घेऊन मी वाटूरला परत आलो. छोट्या सेटचा आवाज लांब जात नाही, म्हणून डोंगरावर एक यंत्र बसवलेलं असतं, रिपीटर. ते आपलं बोलणं झेलतं आणि जोरानं पुढं फेकतं. रोज सकाळी त्यावर जिल्ह्यातल्या मंडळींची हजेरी व्हायची. शकूताई एकेकाला पुकारायच्या, जो तो आपापल्या गावाहून ओ द्यायचा. मला सगळ्यांचं लख्ख ऐकू यायचं. माझं कुणालाच नाही. ताई रोज माझं नाव पुकारायच्या, मी शेतातून ओरडायचो आणि ताई म्हणायच्या, "वाटूर आज नाही. पुढे जाऊ." मी इथं बांधावर उभा असताना!

सेटमधी जेवढं काही फिरवता येतं तेवढं फिरवून बघितलं. शेवटी फोन केला. "ताई, सेटच खराब हाये. दुकानदारानं फसवलं."

"असेल," त्या म्हणाल्या. "शनिवारी मी येते. रविवारी मुलगा मला पुण्याला नेतोय. त्याच्या आधी तुमचा आवाज डोंगरावर चढला पाहिजे."

शनिवारी त्या एसटीनं वाटूर फाट्याला उतरल्या. किती वाळल्या होत्या! शेतात येऊन त्यांनी आधी विचारलं, "काय काय बदललंत?"

"समदंच."

"मग दुरुस्त कशानं झालं ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, भाऊ." हे त्यांचं नेहमीचं. चहात साखर कमी पडली तरी हेच म्हणायच्या.

त्यांनी सेट बघितला. बोलण्याच्या खाली एक बारीक गुणगुण जावी लागते, ती ऐकली तरच रिपीटर दार उघडतो. माझ्या फिरवाफिरवीत ती बंद झाल्ती. त्यांनी तेवढीच चालू केली. बटण दाबलं, श्वास जाऊ दिला, नाव सांगितलं, बटण सोडलं. सेटमधून खर्रर्र झालं, मग टक.

"ही त्याची शेपटी," ताई म्हणाल्या. "आपण थांबलो तरी तो क्षणभर चालू राहतो. कुणी उत्तर देवो न देवो, शेपटी ऐकू आली की समजायचं, पोचलं."

मी सेट घेतला, तिथंच उभा राहून बोललो. शेपटी नाही. पुन्हा बोललो. नाही. ताईंच्या हातात चालतो, माझ्या हातात मुका.

शेजारच्या शेतातला गणपत बांधावर बसून बिडी ओढत होता. "रंगनाथदादा, डोंगर बाईचं ऐकून राह्यला, तुझं बिलकुल न्हाई!"

मी आणखी जोरात ओरडलो.

"ओरडून काही होत नाही," ताई म्हणाल्या. "आता बोलू नका. नुसता बोलायला धरतात तसा धरा." त्या माझ्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि हसत हसत बांधावरच बसल्या. "अहो, हा मोबाइल आहे का?"

मी सेट तळहातावर भाकरीसारखा आडवा धरून तोंडापुढं आणला होता.

"अख्खं गाव असंच बोलतंय," मी म्हणलो.

"म्हणूनच. डोंगरावरचा अँटेना उभा आहे, तुमचा आडवा. उभ्या फटीतून आडवी काठी जाईल का?"

मी सेट मेणबत्तीसारखा उभा धरला. बटण दाबलं. श्वास जाऊ दिला. नाव, गाव सांगितलं. सोडलं.

खर्रर्र. टक.

आणि मग भोकरदनहून कुणीतरी म्हणालं, "वाटूर, आवाज एकदम स्वच्छ. या, स्वागत आहे."

भोकरदन! मी सेटकडंच बघत राहिलो. गणपतची बिडी हातातच विझली.

"बोला की," ताई हळूच म्हणाल्या. "तुम्हालाच बोलावतोय तो."

फाट्यावर एसटीची वाट बघताना त्यांनी सांगितलं, "पुण्यात इलाज आहे. परत येईन असं वाटत नाही. तिथून हा डोंगर ऐकू येत नाही, भाऊ. सकाळची हजेरी तुम्ही घेत जा."

"घेईन," मी म्हणलो.

ताई हसल्या. "थांबला नाहीत. पहिला शब्द कापला गेला."

श्रावणात त्यांच्या मुलाचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर उभा राहिलो. परतूर, अंबड, भोकरदन, सगळ्यांना पुकारलं. सगळे बोलले. शेवटी बटण दाबलं, एक श्वास जाऊ दिला आणि म्हणलो, "शकूताई, जालना." बटण सोडलं.

कुणीच बोललं नाही.

खर्रर्र झालं. मग टक.