न शिकवलेला दिवस

बाबा गेले ते वळवाच्या वाऱ्याने. शहाडला मावशीच्या घरून परत निघाले होते. रस्त्यात एका शेडचा पत्रा उडाला आणि त्यांना लागला. हातातल्या पिशवीत कुरडया पाडायचा आमचा सोऱ्या होता. घरी गहू भिजलेले, पहाटे चीक शिजवायचा आणि सोऱ्या मावशीकडे राहिलेला, म्हणून आईने त्यांना सुट्टीच्या दिवशी दुपारी पिटाळलं होतं. "चहा घेऊन जातो गं," बाबा म्हणाले होते. "आत्ताच जाऊन या, मग निवांत चहा घ्या," आई म्हणाली होती.

तेराव्याला आत्या पदराने डोळे टिपत म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी तरी माणसाला घरात बसू द्यायचं होतंस." मला त्या बाईचा आजही राग येतो. तिचं बोलून झालं, जेवून ती घरी गेली. आई मात्र वर्षानुवर्षं तेच वाक्य उगाळत बसली. आमच्या घरी पुन्हा कुरडया झाल्या नाहीत.

नव्वदनंतर दादा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागला. कॉलेजने काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर त्याने डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आणला आणि बाबांच्या आरामखुर्चीच्या जागी मांडला. कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकले. "आधी खरी तरी मिळवा," मी म्हणाले. तो हसला नाही. त्याला वळवाचं वादळ सकाळीच ओळखणारा प्रोग्राम करायचा होता. ठाण्याच्या ग्रंथालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांतले हवामानाचे आकडे तो उतरवून आणायचा. कुठल्या सकाळनंतर वादळ आलं आणि कुठल्या सकाळनंतर नाही, हे तो त्या यंत्राला पुन्हा पुन्हा दाखवायचा. त्यातून ते आपलं आपण शिकतं, म्हणे.

आई त्या खटाटोपाकडे बघायचीसुद्धा नाही. एकदा मात्र भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "त्या दिवसाचं शिकवलंस का रे त्याला?"

"नाही. तो एक दिवस मुद्दाम बाजूला ठेवलाय."

"का?"

"उत्तर आधीच सांगून ठेवलं तर परीक्षा कसली, आई?"

"मग घे ना परीक्षा."

तो टाळाटाळ करत होता. आई जागची हलेना. शेवटी त्याने त्या सकाळचे आकडे घातले. पडद्यावर उत्तर आलं: वादळ नाही.

दादाचा चेहरा पडला. त्याची सगळी मेहनत त्या एका दिवसासाठीच होती, हे मला तेव्हा कळलं. आई मात्र पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे कुणालाच कळलं नसतं?" तिने विचारलं.

"नसतं," दादा म्हणाला.

ती तोंडाला पदर लावून रडली. बाबा गेल्यावरसुद्धा ती इतकी मोकळी रडली नव्हती. खरं तर तेव्हा असं यंत्रच नव्हतं, मग सांगणार तरी कोण होतं? पण मनाला हिशेब कुठे कळतो? त्या उन्हाळ्यात आईने आपणहून गहू भिजत घातले.

दादाने काम सोडलं नाही. खाडीच्या बाजूला, कोलशेतला, एका कारखान्यात वारा कुठून वाहतो, हवा किती दमट आहे, याची रोज नोंद ठेवायचे. वायू गळला तर कुठे जाईल ही त्यांची भीती. ओळखीतून दादाने ते जुने आकडे मिळवले आणि यंत्राला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. आधी हुकलेली बरीच वादळं आता त्याला ओळखता येऊ लागली. मग एका सकाळी त्याने तो बाजूला ठेवलेला दिवस घातला. मी शेजारीच उभी होते.

उत्तर आलं: वादळ.

नेमकी तेव्हाच आई गच्चीवरून खाली आली. कुरडया पसरून आली होती, हाताला चीक तसाच. आमची तोंडं बघून ती दारातच थांबली. "परत तोच दिवस घातलास?"

"हो."

"काय म्हणालं?"

दादाने पडदा बंद केला. "तेच. नाही म्हणालं."

"नसतंच कळलं कुणाला," आई म्हणाली आणि हात धुवायला मोरीवर गेली.

पुढे कॉलेजात दादाने तो प्रोग्राम दाखवला. लोकांनी वाखाणला. बरोबर ओळखलेली वादळं त्याने एकेक करून सांगितली, पण त्यांत शहाडचं वादळ नव्हतं. त्यानंतर त्याने त्या यंत्राला हात लावलेला मला आठवत नाही.

कुरडया त्या वर्षी तेलात छान फुलल्या. आई आग्रहाने वाढत होती. दादा पोट बिघडल्याचं सांगून पानावरून उठला. आईने एक डबा भरून माझ्या हातात दिला. "आत्याकडे देऊन ये," ती म्हणाली. "आणि सांग तिला, मशीनलासुद्धा कळलं नव्हतं."

मी डबा घेऊन गेले आणि आत्याला तसंच सांगितलं.