तांडेलाने पुन्हा डबा बंद केला नाही

काल्हेरच्या गोदामात मी आता सिक्युरिटी सुपरवायझर आहे. कुठला ट्रक कुठे पोचला ते स्क्रीनवर बघतो. पोरं विचारतात, "काका, नेव्हीत काय करायचात?" मी म्हणतो, "हेच रे. फक्त ट्रकच्या जागी जहाजं."

शेवटचं पोस्टिंग किनाऱ्यावरच्या रडार स्टेशनला होतं. जहाजाचं नाव, वेग, दिशा कळवणारं यंत्र असतं, ट्रान्सपॉन्डर. मच्छीमार त्याला डबा म्हणतात. डबा चालू असला की पडद्यावर नावासकट ठिपका दिसतो. डोळ्यांत तेल घालून ते ठिपके सांभाळायचे, ही आमची ड्युटी.

शेजारच्या खाटेवर लीडिंग सीमन बलबीर. हरियाणाचा गडी, गस्ती बोटीवरून पाण्यात उतरून माणसं वाचवणारा. माशाला तोंड लावायचा नाही. रोज नाक दाबून म्हणायचा, "पाटील, तेरी तो वर्दी से भी मछली की बू आती है!"

त्या सकाळी समुद्रावर धुकं होतं. एका मच्छीमार होडीचा ठिपका अचानक गेला. एक मालवाहू जहाज सरळ त्याच जागेकडे येत होतं.

वॉच ऑफिसर लेफ्टनंट मॅडमनी विचारलं, "बुडाली?"

"नाही मॅडम. मासा लागलाय. डबा बंद केलाय."

मी कशेळीचा, खाडीवर वाढलेला. मासा सापडला की माझा मामा होडीवरचा कंदील विझवायचा, म्हणजे बाकीचे मागे येत नसत. आता डबा विझवतात. जाळं पाण्यात असलं की होडीला चटकन हलताही येत नाही.

मॅडमनी गस्ती बोट सोडली आणि रेडिओवरून मालवाहू जहाजाला सांगितलं, "पुढे लाकडी होडी आहे. ताबडतोब उजवीकडे वळा."

जहाजावरून उत्तर आलं, "आमच्या रडारवर काही नाही."

"लाकडी होडी रडारवर नीट दिसत नाही. तरी वळा. आत्ता!"

जहाज वळलं. धडक टळली. पण जहाजाच्या लाटेने जाळ्यासकट होडी कलंडली. सात माणसं पाण्यात पडली.

गस्ती बोटीवरून आवाज आला, "सहा उचलले. होडी चालवणारा तांडेल जाळ्यात अडकलाय. बलबीर उतरलाय."

थोड्या वेळाने, "तांडेल वर आला."

मी विचारलं, "बलबीर?"

तांडेलाला सोडवताना जाळं बलबीरच्याच अंगाभोवती आवळलं होतं. त्याला वर काढलं तेव्हा जीव गेला होता. मी हेडफोन काढला नाही. ड्युटी संपेपर्यंत बसून राहिलो. मग मात्र त्याच्या रिकाम्या खाटेवर बसून ढसाढसा रडलो.

तांडेलाने नवी होडी बांधली. तिचं नाव बलबीर. तेव्हा झालेली ओळख टिकलीय, अधूनमधून त्याचा फोन येतो.

"पाटीलभाऊ, डबा चालूच हाय. बाकीचे मागं येतात, माझा मासा नेतात."

"मग नुकसान होत नाही का?"

"व्हतंय की. नेऊ दे. पोरगा माझ्यापायी पान्यात उतरला. त्याचं नाव मी कसं इझवू?"

बलबीरचं नाव पडद्यावर जागं ठेवणाऱ्या त्या तांडेलाचे उपकार मी विसरणार नाही. सकाळी ट्रक बघण्याआधी मी मोबाईलवर, जहाजांचे ठिपके दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, समुद्र उघडतो. आजही बघितलं. बलबीर बाहेर पडलाय, आणि त्याच्या मागोमाग चार होड्या.