सुप्लेंतकाका

कुठल्याही समारंभात सुप्लेंतकाका दाराजवळची खुर्ची धरत. 'सुप्लेंत' हा शब्द त्यांचाच. त्यांचे वडील पोर्तुगीज अमदानीत मडगावला फुटबॉल खेळत. म्हणजे बहुधा बूट बांधून मैदानाबाहेर बसत. अशा बदली खेळाडूला पोर्तुगीजमध्ये सुप्लेंत म्हणतात. ब्राझीलमध्ये सेनेटर निवडतानाच त्याचा सुप्लेंतही निवडतात, हेही काकांनीच सांगितलं. "पण तयारी पुरती हवी हां," ते बजावत. "नाहीतर तो सुप्लेंत नव्हे, प्रेक्षक."

सिंगापुरातल्या आमच्या मंडळात सभासदांपेक्षा पदाधिकारी जास्त, आणि नटांपेक्षा त्यांच्या नोकरीच्या परदेशवाऱ्या जास्त. एका गणपतीत नाटकाचा नायक आदल्या दिवशी बँकेनं हाँगकाँगला पाठवला. काकांना सगळ्यांच्याच भूमिका पाठ होत्या. प्रयोग रंगला. अध्यक्षांनी शाल-श्रीफळासह प्रदीर्घ भाषण काढलं, तेव्हा काका मेट्रोत बसून घरी निघालेही होते. "तालमी त्यानं केल्या, शाल त्याला द्या," एवढंच फोनवर म्हणाले.

माझ्या बायकोचे, मुग्धाचे, दिवस भरायला अवकाश होता, म्हणून मी कामासाठी सकाळच्या बोटीनं बाताम बेटावर गेलो. दुपारी तिला कळा सुरू झाल्या, आणि समुद्रावर वादळ येऊन बोटी थांबल्या. मी धक्क्यावरून काकांना फोन लावला. त्यांचं ऑफिस सिंगापुरात हार्बरफ्रंटला, आमच्या घरापासून जवळच.

"मुग्धाचा फोन आला होता. तिच्याबरोबर टॅक्सीतच आहे मी," ते म्हणाले. "तुम्ही बोटीचं बघा."

"काका, दिवस भरलेले नाहीत हो..."

"ठाऊक आहे. म्हणून तर रडत बसू नका."

संध्याकाळी धावत हॉस्पिटलात पोचलो. बाळांच्या खोलीच्या काचेकडे पाठ करून काका खुर्चीत ताठ बसले होते. माझा चेहरा पाहून आधी म्हणाले, "दोघीही सुखरूप."

"दोघी?"

"मुलगी. नर्सनं सांगितलं."

नर्स वैतागलेली होती. "युअर अंकल व्हेरी स्ट्रेंज लाह! आय से लुक, बेबी सो क्यूट, ही डोन्ट वाँट!"

"पहिलं तोंड बापानं बघायचं," काका उठत म्हणाले. "जा."

काचेपलीकडे मूठभर जीव जांभई देत होता. डोळे पुसून काकांना दाखवायला वळलो, तर ते लिफ्टनं खाली गेलेले. फोन केला.

"अहो, बघून तरी जायचं!"

"बघीन की. बारशाला बोलवा."

बारशाला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. मुग्धानं लेकीला आधी त्यांच्याच मांडीवर दिलं. आता ते कायमचे मडगावला परतले आहेत. पण बारशाच्या त्या दुपारी मंडळाच्या अध्यक्षांना नमस्कार करायलाही ते उठले नाहीत. "मांडीवर मूल आहे," म्हणाले, आणि पंगत उठेपर्यंत ते कुणालाच दिलं नाही.