राऊत सरांचा बाजार

"चला, बाजार उघडला!" असं राऊत सर दारातूनच ओरडायचे, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी अंग चोरून बसलेली पोरं दचकून सरळ व्हायची.

तारापूरच्या आमच्या केमिकल कंपनीत सर ट्रेनिंगचे प्रमुख होते, मी त्यांचा सहायक. पूर्वी नव्या मुलांना नुसती भाषणं ऐकवत, पोरं पेंगायची. सरांनी खेळ आणला. प्रत्येक टेबल म्हणजे एक कंपनी. टेबलावर पुठ्ठा, कात्री, डिंक. सर गिऱ्हाईक. त्यांनी ऑर्डर ओरडायची, टेबलांनी खोकी करून द्यायची. मध्येच ते भाव पाडत, नाक मुरडून माल परत करत, खोटं खोटं भांडत. जास्त माल देणाऱ्या टेबलाला चिंचणीच्या त्यांच्या वाडीतले चिकू मिळत. "धंदा सांगून कळत नाय रे, खेळून कळतो," असं ते म्हणत. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत, 'थांबला तो संपला'.

एका तुकडीत दातिवऱ्याचा हर्षद होता. कोळ्यांच्या घरातला, वडील नसलेला, डिप्लोमा करून आलेला. खेळ रंगात असताना त्याच्या बोटाला कात्री लागली. पुठ्ठ्यावर रक्त सांडलं. त्याने रुमाल गुंडाळला आणि हात तसाच चालू ठेवला. त्याचं टेबल जिंकलं. सरांनी त्याचा तो रुमालाचा हात धरून सगळ्यांना दाखवला. "बघा! याला म्हणतात कंपनीचा माणूस!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. हर्षद लाजून खाली बघत होता.

काही महिन्यांनी प्लांटमध्ये रिॲक्टर तापत गेला. भोंगा वाजला. भोंगा वाजला की रिॲक्टरमधली बॅच तशीच सोडून बाहेर पडायचं, असं भिंतीवर लिहिलेलं होतं. सोबतचा ऑपरेटर पळायला निघाला. हर्षद त्याला म्हणाला, "तू हो पुढे, बॅच निघतेच आहे." स्फोटाने अर्धं पत्र्याचं छप्पर उडालं. हर्षद जागीच गेला.

कंपनीने चौकशी केली. ट्रेनीने नियम मोडला, असं ठरत आलं होतं. सरांना केवळ साक्षीला बोलावलं होतं, मुलाला ट्रेनिंग दिलं होतं एवढं सांगायला.

"दिलं होतं," सर म्हणाले. "थांबायचं नाही, हेच दिलं होतं. मी दिलं. त्याचा दोष लिहू नका."

"राऊत, तो खेळ होता," चौकशी करणारे साहेब म्हणाले.

"तुमच्यासाठी होता. पोरगा नवीन होता, त्याने खरं मानलं."

अहवालात शेवटी हर्षदचाच दोष ठरला. सरांना ट्रेनिंगमधून काढून भंगाराच्या यार्डात बसवलं.

पुढच्या रविवारी सर मला घेऊन दातिवऱ्याला गेले. हर्षदची आई अंगणात सुकट निवडत होती. तिने आम्हाला बसायला सांगितलं नाही.

"कंपनीचे साहेब येऊन गेले," ती म्हणाली. "सांगत व्हते, तुमच्या पोराची चूक झाली. खरं हाय?"

"नाही ताई. चूक माझी." आणि सरांनी खेळ, कात्री, रुमाल, टाळ्या, सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले. "त्या खेळात जी हरली, ती पोरं हायेत ना आपापल्या घरी?"

"आहेत."

"मंग माज्या पोराला जिंकवला कशाला तुमी?"

सरांनी हात जोडले. ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

निवृत्त झाल्यावर ते चिंचणीतून फारसे बाहेर पडले नाहीत. वाडीत चिकू पिकून खाली पडत, कुजत. खेळ बंद पडला होता, पोरं पुन्हा पेंगू लागली म्हणून वरच्यांनी मला तोच खेळ सुरू करायला सांगितला, तेव्हा मी सरांना विचारायला गेलो. ते खाटेवर होते, छातीचं दुखणं वाढलं होतं.

"खेळव," ते म्हणाले. "पण ऐन घाईत भोंगा वाजव. जे टेबल हातातलं काम सोडेल, ते जिंकलं. आधीच सांगून ठेव."

मी सांगून ठेवलं. ऐन घाईत भोंगा वाजवला. एकाही टेबलाने काम सोडलं नाही. उलट कात्र्या आणखी जोरात चालू लागल्या. नंतर एक जण म्हणाला, "ऐकला ना सर, पण दोनच खोकी राहिली होती."

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "पुढच्या तुकडीला परत घे. घेत राहा."

ती तुकडी येण्याआधीच सर गेले.

मी घेत राहिलो. बहुतेक वेळा तसंच होतं. परवाच्या तुकडीत मात्र भोंगा वाजल्यावर पालघरच्या एका मुलीने कात्री खाली ठेवली. तिच्या टेबलावरचे सगळे तिच्यावर तुटून पडले. "अगं, ऑर्डर जातेय! क्या कर रही है? उचल ना!" तिचे डोळे भरून आले. शेजारच्याने कात्री तिच्या हातात कोंबली. तिने ती परत खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली.