रंजनाचं उलटं वाक्य

“पुन्हा उलटं बोललीस,” मी रंजनाला म्हटलं. तिची जर्मनची तोंडी परीक्षा चार दिवसांवर आली होती. एकदा नापास झालेली. आताही नापास झाली तर जर्मनीतल्या हॉस्पिटलची नोकरी हातची जाणार होती.

रंजना समुद्रपूरची, नर्सिंग झालेली. घरी फक्त आई. रोज एसटीने यायची आणि नालवाडीत माझ्या घरी क्लासला बसायची. मी जर्मन साहित्याची निवृत्त प्राध्यापक. विरहाच्या जर्मन कवितांवर माझी पीएचडी. आता माझ्याकडे कविता शिकायला कुणी येत नाही. ‘कुठे दुखतं’, ‘सलाईन लावते’ एवढं जर्मन मुलींना पुरतं. कवितेच्या तासासाठी अजून जीव तुटतो, खोटं कशाला बोलू.

परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : परदेशात काय जड जाईल? उत्तर मी घोकवूनच घेते. ‘माइने मुटर फेल्ट मिअर.’ मला आईची उणीव भासेल. ‘मिअर’ म्हणजे मला, आपलं ‘मले’, असं सांगितलं की आमच्या मुलींना लगेच कळतं.

रंजना मात्र दर वेळी म्हणायची, ‘इख फेले माइनर मुटर.’ म्हणजे आईला माझी उणीव भासेल. दोन आठवडे मी तिच्या वहीत लाल पेन चालवत होते. त्या दिवशी माझा पारा चढला.

“अगं, उणीव कुणाला भासणार? तुलाच ना?”

“मले काऊन, मॅडम?” ती शांतपणे म्हणाली. “मी त चालली. मले नवं गाव भेटन, नवं काम भेटन. घरी एकटी माय राहीन. मी तेच सांगून राह्यली.”

मी वही पुन्हा पाहिली. व्याकरण चोख होतं. मला वाटलं होतं तिला ‘मला’ आणि ‘तिला’ यांतला फरक कळत नाही. विरहावर एवढा प्रबंध लिहिलेल्या बाईला समोरची एक ओळ वाचता आली नव्हती. फार लाज वाटली.

“असंच बोल,” मी म्हटलं. “परीक्षकांनी विचारलं तर कारणही सांग.”

“मार्क कापले त?”

“कापणार नाहीत. बरोबर आहे ते.”

परीक्षकांनी विचारलंच. ती आईबद्दल बोलत राहिली, अडखळत, पण थांबली नाही. पास झाली. गेली.

तिच्यानंतर दुसरी बॅच आली. मुली हुशार आहेत, सांगितलं तेवढं बिनचूक म्हणतात. मला रंजनाची फार आठवण येते.

परवा तिचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. ड्युटीचं सांगितलं, थंडीचं सांगितलं.

“मॅडम,” ती शेवटी म्हणाली, “तुमचं ‘फेल्ट मिअर’ वालं वाक्य बी आता बरोबर झालं.”

शिकवणाऱ्याने चूक सुधारायची घाई करू नये, एवढं मी यातून शिकले. माझं ते वाक्य तिच्यासाठी चुकीचंच राहिलं असतं तरी मला चाललं असतं.